लोणावळ्याचे तळे, कावेरीचा मासा

महसीर या माशासंबंधी अलीकडच्या वर्षांत दोन बातम्या आल्या. आपल्यापैकी अनेकांनी त्या वेगवेगळ्या दिवशी वाचल्या असतील आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे कदाचित ध्यानातही आले नसेल.

पहिली बातमी आनंदाची होती. दख्खनच्या नद्यांतील निळसर परांचा महसीर, ज्याचे शास्त्रीय नाव तोर खुद्री, तो आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत ‘संकटग्रस्त’ वर्गातून ‘किमान चिंता’ या वर्गात आला. लोणावळ्याच्या तळ्याकाठी पन्नास वर्षे चाललेल्या कामाचे हे फळ आहे, असे तेव्हा लिहिले गेले. दुसरी बातमी २०१८ सालची. कावेरीच्या खोऱ्यातील, पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा असलेल्या महाकाय महसीराची शास्त्रीय ओळख अखेर निश्चित झाली. तोर रेमादेवी हे त्याचे नाव. त्याच वर्षी लाल यादीत त्याची नोंद झाली ती ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून. या वर्गाच्या पुढची पायरी ‘वन्य अवस्थेत नामशेष’ अशी आहे.

एक महसीर सावरला आणि दुसरा मरणाच्या दारी पोहोचला. या दोन घटनांना जोडणारा धागा लोणावळ्याच्या तळ्यातून निघून कावेरीच्या डोहांपर्यंत जातो. या कथेत कोणी खलनायक नाही. जवळजवळ सर्वांनीच माशांच्या हितासाठी काम केले. तरीही जे घडले ते का घडले, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मुळातून समजून घेण्यासारखे आहे.

■ राजाचा गळ आणि साहेबाचा गळ

गळाने मासे धरण्याचा छंद भारतात इंग्रजांबरोबर आला, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११३० च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ या विषयाला स्वतंत्र स्थान आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचे खाद्य, गळ आणि दोरी यांचे विवेचन त्यात येते. भारतीय प्राणिविज्ञान सर्वेक्षण संस्थेचे संचालक आणि विख्यात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास त्याचा अभ्यास करून तो आधुनिक प्राणिशास्त्रज्ञांच्या नजरेस आणला. होरा यांचे नाव पुढे आणखी एकदा येणार आहे.

भारतीय गोड्या पाण्यातील माशांचे आधुनिक पद्धतीचे वर्णन मात्र एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. फ्रान्सिस हॅमिल्टन यांचा गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथ १८२२ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर दख्खनची पाळी आली. मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची सांख्यिकीय पाहणी करणारे लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी पुण्याच्या आसपासच्या नद्यांतील मासे गोळा केले, त्यांची स्थानिक नावे विचारून घेतली आणि पुष्कळदा तीच नावे शास्त्रीय नावांत गुंफली. १८३९ साली त्यांनी वर्णिलेल्या माशांपैकी दोन आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. एक मुळा-मुठेतील ‘खुद्री’ आणि दुसरा शिरूरजवळच्या घोड नदीतील ‘मुसल्ला’. आपल्याकडे ज्याला खडशी म्हणतात तो मासा म्हणजेच हा खुद्री. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात भाविक ज्या माशांना खाद्य घालतात, तेही महसीरच. तेथे देवाचे मासे म्हणून त्यांना कोणी धरत नाही.

‘मुसल्ला’ हे नाव लक्षात ठेवावे. पुढे ते एका वेगळ्याच माशाला चिकटणार आहे, आणि त्या चुकीची किंमत मोठी आहे.

१८७३ साली हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रास प्रांतातील सनदी अधिकाऱ्याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि महसीर हा जगभरच्या हौशी गळकऱ्यांच्या स्वप्नातील मासा झाला. हिमालयातील सोनेरी महसीरावर जिम कॉर्बेट यांनी ‘मॅनईटर्स ऑफ कुमाऊँ’ या आपल्या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले. वजनाचा विक्रम मात्र दक्षिणेकडे राहिला. १९४६ साली म्हैसूर भागात, कावेरीची उपनदी असलेल्या कबिनीत, व्हॅन इंगेन घराण्यातील एका गळकऱ्याने १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर धरला. एका प्रौढ माणसाइतके हे वजन आहे.

आता यातील विसंगती पाहावी. गळकऱ्यांना हा मासा टॉमस यांच्या काळापासून ठाऊक होता. त्याची छायाचित्रे दिवाणखान्यांत लागली होती. परंतु प्राणिशास्त्राच्या दप्तरी त्याला स्वतःचे, निर्विवाद असे नाव नव्हते. कोणी त्याला साइक्स यांचा ‘मुसल्ला’ समजत असे, तर कोणी केवळ ‘कावेरीचा महसीर’ म्हणून मोकळा होत असे. मोठा मासा संग्रहालयाच्या बरणीत मावत नाही, हे याचे एक व्यावहारिक कारण आहे. वर्गीकरणाचे काम बहुधा लहान नमुन्यांवर चालते, आणि महसीराची लहान पिल्ले एकमेकांसारखी दिसतात.

■ तळ्याकाठचे मत्स्यबीज

लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तळी निसर्गनिर्मित नाहीत. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचे पाणी अडवून ते घाटाखाली खोपोलीस सोडावे व विजेची निर्मिती करावी, या टाटांच्या योजनेतून ती जन्मली. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले. धरणे बांधली गेली तेव्हा नदीतील मासे तळ्यात अडकले. महसीर हा मुळात वाहत्या, थंड, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातील मासा. तळ्यात तो वाढतो, पण विणीसाठी त्याला पावसाळ्यात ओढ्यांतून वर चढून वाळू-गोट्यांचा तळ शोधावा लागतो. धरणाची भिंत, ओढ्यांच्या मुखाशी लावलेली जाळी आणि सुरुंगाची दारू फोडून केलेली मासेमारी यांमुळे देशभर महसीर घटू लागला होता.

या तळ्यांवर महसीराच्या विणीचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला तो डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे ते माजी संचालक. तरुणपणी, १९४० साली, त्यांनी मुंबईच्या किनाऱ्यावरील एका इवल्याशा पारदर्शक माशाचे प्रथम वर्णन केले होते. त्याचे नाव त्यांनी ठेवले होराइक्थिस. त्यातील ‘होरा’ म्हणजे मघाचेच सुंदरलाल होरा. कुलकर्णी यांचा खुद्रीच्या विणीवरील आणि अंड्यांच्या वाढीवरील निबंध १९७० साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर टाटांच्या वीज कंपन्यांनी लोणावळ्यास वळवणच्या तळ्याकाठी मत्स्यबीज केंद्र उभे केले. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी एस. एन. ओगले यांनी तेथे कृत्रिम प्रजननाचे तंत्र बसवले.

हे काम किती कठीण होते, याची कल्पना तुलनेने येते. रोहू आणि कटला यांच्या प्रजननाचा प्रश्न १० जुलै १९५७ रोजी सुटला होता. हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी कटकला पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची वीण घडवून आणली. आज तो दिवस राष्ट्रीय मत्स्यपालक दिन म्हणून पाळला जातो. परंतु रोहूची मादी किलोमागे लाखांच्या घरात अंडी देते, तर महसीराची मादी काही हजारच, आणि तीही एकदम न देता टप्प्याटप्प्याने. लोणावळ्यास पावसाळ्यात तळ्यातून पक्व नर-माद्या धरून, हलक्या हाताने पोट दाबून अंडी व मिल्ट काढावे लागे. मग ती फलित अंडी वाहत्या पाण्यात सांभाळायची, पिल्ले बाहेर आल्यावर पोटाशी असलेला बलक संपेपर्यंत जपायची, आणि बोटाएवढी झाली की ‘बोटुकली’ म्हणून पाठवायची.

पाठवायची कोठे? येथे कथेला वळण मिळते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ही बोटुकली महाराष्ट्राबाहेरही जाऊ लागली, आणि त्यांतली काही कावेरीत पोहोचली. पुढे कर्नाटकातही खुद्रीचे मत्स्यबीज तयार होऊ लागले. हेतू स्वच्छ होता. देशातले महसीर संपत चालले होते, आणि महसीर पैदा करता येतो असा एक प्रकार हाती आला होता. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे कावेरीतल्या महसीरांत महसीर मिसळत होता. तेथील मासा वेगळ्या प्रजातीचा आहे, ही गोष्ट कागदावर नसल्याने ती विचारातही नव्हती.

■ गळकऱ्यांच्या वह्या

कावेरीवर दुसरीकडे आणखी एक काम चालले होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस परदेशी गळकऱ्यांच्या एका चमूने हा मासा अजून उरला आहे की नाही, हे पाहण्यासाठी भारतात मोहीम काढली. कावेरीत त्यांना प्रचंड महसीर मिळाले आणि नदीला पुन्हा नाव झाले. वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया ही बंगळुरूची संस्था १९७२ पासून या पट्ट्यात लक्ष घालत होती. नदीचा काही भाग राखून तेथे ‘धरा आणि सोडा’ हा नियम लागू झाला. गळाला लागलेला मासा मोजून, वजन करून जिवंत पाण्यात सोडायचा. भीमेश्वरी, गलिबोरे, दोड्डमाकळी येथे छावण्या उभ्या राहिल्या. गळाला आमिष नाचणीच्या पिठाच्या गोळ्यांचे. वाटाडे आसपासच्या गावांतले. त्यांतले काही जण पूर्वी चोरून मासेमारी करणारे होते. आता जिवंत माशातच त्यांची रोजी होती.

या छावण्यांवर एक साधी सवय होती. कोणी किती तास गळ टाकून बसला, किती मासे लागले, प्रत्येकाचे वजन किती, याची नोंद वहीत होई. पर्यटकांच्या हौसेचा हा हिशेब. पण १९९८ ते २०१२ या काळातल्या अशा नोंदी एकत्र केल्या तेव्हा त्यात २३,६२० तासांचे श्रम आणि ६,१६१ महसीर निघाले. लहानांत लहान एक पौंडाचा, मोठ्यांत मोठा १०४ पौंडांचा. म्हणजे सरासरीने एका माशासाठी जवळजवळ चार तासांची बैठक. एवढी सलग माहिती त्या नदीतील माशांविषयी कोणत्याही प्रयोगशाळेपाशी नव्हती. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि जे. रॉबर्ट ब्रिटन यांनी तिचे विश्लेषण करून २०१५ साली ते प्रसिद्ध केले.

■ न दिसणारे मोजताना

मी भौतिकशास्त्राचा संशोधक आहे, आणि या इतिहासाकडे मी ओढला गेलो तो मोजमापाच्या प्रश्नामुळे. डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तू मोजणे हा आमचा नित्याचा व्यवसाय आहे. गढूळ पाण्यातला मासा त्याच जातीचा.

तळ्यातले सगळे मासे मोजणे अशक्य असते. म्हणून मत्स्यशास्त्रज्ञ ‘श्रमाप्रति पकड’ ही राशी वापरतात. धरलेल्या माशांच्या संख्येला घालवलेल्या तासांनी भागायचे. यामागचे गृहीतक असे : पाण्यात मासे दुप्पट असतील, तर तासाला लागणारे मासेही दुप्पट होतील. म्हणजेच ही राशी माशांच्या खऱ्या संख्येच्या प्रमाणात असते आणि दोहोंमधला गुणक स्थिर असतो. या गुणकाला ‘पकडक्षमता’ म्हणतात.

सगळी मेख या स्थिर गुणकात आहे. पाणी उतरले की मासे मोजक्या डोहांत गोळा होतात, आणि गळकऱ्याला डोह ठाऊक असतात. एकूण संख्या घटत असतानाही डोहातली गर्दी तशीच राहते. पकड स्थिर दिसते, आणि एके दिवशी अचानक कोसळते. उलट वाटाड्याचा अनुभव वाढला, किंवा आमिष सुधारले, तर मासे न वाढताही पकड वाढते. त्यामुळे या राशीकडे तापमापकासारखे पाहता येत नाही. तिचे अंशांकन पुनःपुन्हा तपासावे लागते. कावेरीच्या नोंदींचे मोल याच कारणाने मोठे होते. जागा त्याच, पद्धत तीच, नियम तोच, आणि काळ पंधरा वर्षांचा.

तरीही आणखी एक फसगत शिल्लक राहते. किरणोत्सारी नमुन्यात दोन समस्थानिके मिसळली असतील आणि आपला गणक केवळ एकूण स्पंद मोजत असेल, तर कोणते समस्थानिक संपत चालले आहे हे त्या एकूण आकड्यावरून सांगता येत नाही. प्रत्येक स्पंदाची ऊर्जा पाहावी लागते. माशांच्या बाबतीत ऊर्जेच्या जागी प्रजातीची ओळख असते. समजा, एका डोहात पहिल्या प्रकारचे ३० आणि दुसऱ्या प्रकारचे ७० मासे आहेत. काही वर्षांनी पहिल्याचे २ उरले आणि दुसऱ्याचे १९८ झाले. ज्याच्या वहीत फक्त ‘महसीर’ असा एकच रकाना आहे, त्याला मासे शंभराचे दोनशे झालेले दिसतील. तो संवर्धन यशस्वी झाल्याचा अहवाल देईल, आणि त्याच्या आकड्यांत कोणतीही चूक काढता येणार नाही.

■ वह्यांनी काय सांगितले

कावेरीत जे घडले ते या काल्पनिक उदाहरणाच्या फार जवळचे होते. सर्व महसीर एकत्र धरले, तर तासाला लागणाऱ्या माशांची संख्या वर्षांगणिक वाढत होती आणि त्यांचे सरासरी वजन कमी होत होते. वरवर पाहता ही निरोगी नदीची खूण आहे. लहान मासे अधिक आहेत, म्हणजे वीण होते आहे आणि राखलेल्या पट्ट्याचा लाभ मिळतो आहे. ‘धरा आणि सोडा’ या नियमाचे हे यश खरेच होते.

परंतु नोंदी आणि छायाचित्रे यांवरून दोन प्रकार वेगळे काढले, तेव्हा चित्र बदलले. वाढ झाली होती ती निळ्या परांच्या महसीराची, म्हणजे लोणावळ्याहून ज्याचे बीज आले होते त्या खुद्रीची. नारिंगी परांचा, वशिंडाचा, कावेरीचा मूळ महसीर गळाला लागण्याचे प्रमाण घटत गेले होते, आणि जे थोडे लागत ते आकाराने मोठे होते. मोठा मासा पाहून गळकरी हरखतो. अभ्यासकाला मात्र यात धोका दिसतो. फक्त वृद्ध मासे उरले आहेत आणि त्यांच्यामागे पिल्ले येत नाहीत, असा त्याचा अर्थ. ज्या गावात केवळ आजोबाच भेटतात, तेथील शाळा लवकरच बंद पडते.

हे एकट्या खुद्रीमुळे घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. कावेरीवर कृष्णराजसागर आणि मेट्टूरसारखी मोठी धरणे १९३० च्या दशकापासून उभी आहेत. त्यांनी महसीराचे स्थलांतर तोडले. वाळूउपशाने विणीचा तळ खरवडून नेला. उन्हाळ्यात प्रवाह आटतो, सुरुंगांनी मासेमारी होते, शहरांचे सांडपाणी येते. आधीच खचलेल्या प्रजातीच्या घरात, त्याच अन्नावर आणि त्याच डोहांवर हक्क सांगणारा एक काटक नातलग वर्षानुवर्षे सोडला गेला. हा त्यात पडलेला नवा भार. संशोधकांनी नेमका याच गोष्टीकडे बोट दाखवून इशारा दिला.

■ नाव सापडले

इशारा दिला तरी एक अडचण होती. ज्या माशाला नाव नाही, त्याला लाल यादीत घालता येत नाही. लाल यादीत नसलेल्या माशासाठी कायदा किंवा निधी मागणेही कठीण. तोवर प्रचलित असलेले ‘मुसल्ला’ हे नाव २०१३ साली गळून पडले होते. जे. डी. मार्क्स नाइट आणि सहकाऱ्यांनी साइक्स यांचे मूळ वर्णन पुन्हा तपासले आणि घोड नदीतला तो मासा तोर कुळातला नाहीच, वेगळ्याच प्रजातिगटातला आहे, असे दाखवले. त्यामुळे कावेरीचा महाकाय मासा पुन्हा निनावी झाला.

उत्तर एका अनपेक्षित ठिकाणी दडलेले होते. केरळातील पांबर ही कावेरीच्या खोऱ्यातली एक छोटी नदी. तेथील लहान नमुन्यांवरून बी. मधुसूदन कुरूप आणि के. व्ही. राधाकृष्णन यांनी काही वर्षांपूर्वी एक नवा महसीर वर्णिला होता. प्राणिविज्ञान सर्वेक्षण संस्थेतील मत्स्यशास्त्रज्ञ के. रेमा देवी यांच्या सन्मानार्थ त्याला रेमादेवी हे नाव दिले होते. पिंडर, राघवन, पुण्याच्या आयसरमधील नीलेश डहाणूकर आणि इतर सहकाऱ्यांनी नीलगिरीच्या पायथ्याशी वाहणाऱ्या मोयार नदीतून वशिंडाचे महसीर मिळवले. त्यांची शरीररचना आणि जनुकीय अनुक्रम तपासले, तेव्हा ते पांबरच्या त्या लहान माशांशी जुळले. जून २०१८ मध्ये हा निबंध ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. साइक्स यांनी पुण्याच्या नद्यांत जो गुंता नकळत सुरू केला, तो सोडवणाऱ्यांत पुण्याचाच एक संशोधक होता, हा योगायोग मला मोठा समाधानाचा वाटतो.

नाव मिळाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लाल यादीतले स्थानही मिळाले. वर आरंभी सांगितलेली दुसरी बातमी ती हीच.

■ आता कोणता मार्ग

२०१२ च्या सुमारास अभयारण्याच्या हद्दीतील गळाची मासेमारी वन्यजीव कायद्याच्या कक्षेत आली आणि कावेरीवरच्या छावण्या थांबल्या. संरक्षित क्षेत्रात कोणताही प्राणी गळाला लावू नये, या भूमिकेला नैतिक बळ आहे. माशाला वेदना होतात की नाही, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु छावण्यांबरोबर वह्याही मिटल्या. नदीकाठी रोज उपस्थित राहणारी माणसे गेली. ज्या मोजमापामुळे संकट कळले, ते मोजमापच थांबले. गळ नको असेल, तर त्याच्या जागी मोजण्याची दुसरी व्यवस्था हवी. पाण्याच्या नमुन्यात माशांनी सोडलेल्या जनुकीय अंशांवरून प्रजाती ओळखण्याचे तंत्र आता उपलब्ध आहे. ते मासा न धरताही वापरता येते. मात्र त्यातून माशाचे वजन आणि वय कळत नाही, म्हणजेच पिल्ले येत आहेत की नाही हा कळीचा प्रश्न उरतोच. काठावरच्या माणसांची जागा यंत्र पूर्णपणे घेऊ शकत नाही.

लोणावळ्याच्या कामाकडे कसे पाहावे? कुलकर्णी आणि ओगले यांनी जे केले त्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. महसीराची वीण माणसाच्या हाताने करता येते, हे त्यांनी सिद्ध केले नसते, तर खुद्री आज कोठे असता हे सांगता येत नाही. पुढेमागे वशिंडाचा महसीर वाचवायचा झाला, तर त्यासाठी लागणारे कौशल्यही वळवणच्या तळ्याकाठी घडलेल्या परंपरेतूनच येईल. चूक बीज तयार करण्यात नव्हती. ते कोणत्या नदीत सोडावे, हे ठरवण्याआधी त्या नदीत कोण राहते हे विचारायचे राहून गेले. १९७० च्या दशकात हा प्रश्न सुचणे कठीण होते, कारण तेव्हा जनुकीय चाचण्या नव्हत्या आणि नावांचा गोंधळ होता. आज ही सबब उरलेली नाही. तरीही देशातल्या अनेक तलावांत आणि धरणांत अजूनही मत्स्यबीज सोडण्याचे समारंभ होतात, किती लाख बोटुकली सोडली याचे आकडे छापून येतात, आणि ती कोणत्या खोऱ्यातली होती हे बहुधा लिहिलेले नसते.

विद्यार्थी मित्रांना एक विनंती करून थांबतो. आपल्या गावाजवळच्या तळ्यात किंवा नदीत कोणते मासे मिळतात, हे तेथील भोई, कोळी किंवा हौशी गळकरी यांना एकदा विचारावे. त्यांनी सांगितलेले नाव जसेच्या तसे लिहून घ्यावे, शेजारी माशाचे छायाचित्र, दिनांक, वजन आणि किती वेळ गळ टाकला होता हे नोंदवावे. साइक्स यांनी दख्खनमध्ये नावे विचारली, आणि गलिबोरेच्या वाटाड्यांनी वजने लिहिली. कावेरीच्या एका माशाची ओळख या दोन सवयी एकत्र आल्या तेव्हा पटली. मोयार नदीत तो मासा अजून आहे.